व्यायामशास्त्राचें विद्यापीठीय अध्ययन आणि मल्लविद्येचीं संस्कृत साधनें

शरीरश्रमाचें शास्त्र, ज्यास हल्लीं व्यायामशास्त्र किंवा क्रीडाविज्ञान असें म्हणतात, तें आतां तालमीच्या मातींतून उठून विद्यापीठाच्या वर्गांत येऊन बसलें आहे. त्यांत पदवी घेऊं इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यास स्नायूंची रचना, हृदय व फुप्फुसें यांचे व्यापार, आहार, हालचालींचें यंत्रशास्त्र, खेळाडूच्या मनाचें शास्त्र, इतके विषय शिकावे लागतात. आणि त्यांच्या आरंभीं इतिहासाचें एक लहानसें प्रकरणही बहुधा असतें. या प्रकरणाविषयींच आम्हांस येथें लिहावयाचें आहे. तें दोन प्रकारें लिहिलेलें आमच्या पाहण्यांत येतें. पहिल्या प्रकारांत आमच्या पूर्वजांस सर्व कांहीं ठाऊक होतें, पश्चिमेनें नवीन असें कांहींच शोधिलें नाहीं, असा डंका असतो. दुसऱ्या प्रकारांत हिंदुस्थानांतील व्यायामशिक्षणाचा आरंभ १९२० सालीं मद्रास येथें हॅरी क्रो बक यांनीं वाय्. एम्. सी. ए. चें व्यायाम-विद्यालय काढिलें तेथून धरितात, व त्यापूर्वींचें सर्व एका वाक्यांत उरकून टाकितात. मतें परस्परविरुद्ध असलीं तरी दोन्ही प्रकारच्या लेखकांत एक साम्य आहे. मूळ पोथी उघडून पाहण्याचा खटाटोप दोघांनींही केलेला नसतो. ज्या साधनांवरून या वादाचा निकाल लागावयाचा तीं मात्र या त्रैमासिकाच्या वाचकांच्याच दप्तरांत व रुमालांत आहेत, म्हणून हा विषय येथें मांडणें आम्हांस अप्रस्तुत वाटत नाहीं.

प्रथम युरोपाकडे क्षणभर पाहूं. तेथेंही या शास्त्राचा आधुनिक आरंभ प्रयोगशाळेंत झाला नसून ग्रंथसंग्रहांत झाला, ही गोष्ट आमच्या तरुण अभ्यासकांच्या क्वचितच लक्षांत येते. स्पेनमध्यें सेव्हिल येथें १५५३ सालीं क्रिस्तोबाल मेंदेझ या वैद्यानें शरीरव्यायामावर एक स्वतंत्र ग्रंथ छापिला. त्यानंतर १५६९ त व्हेनिस येथें मर्क्युरिआलिस याचा व्यायामकलेवरील प्रसिद्ध लॅटिन ग्रंथ बाहेर पडला. मर्क्युरिआलिस हा रोम येथें कार्डिनल फार्नेसे याच्या आश्रयास वैद्य म्हणून होता. तेथील हस्तलिखितें, जुनीं नाणीं, शिलाशिल्पें धुंडाळून त्यानें ग्रीक व रोमन लोकांचा व्यायाम पुन्हां उभा केला. म्हणजे ज्याला आज या शास्त्राचा एक आद्य पुरुष मानितात तो आम्हांसारखाच जुन्या कागदांचा शोधक होता. पुढें १८१३ त लिंग यानें स्टॉकहोम येथें व्यायामाची मध्यवर्ती शाळा स्थापिली. १८९१ च्या सुमारास हार्वर्ड विद्यापीठांत शारीर, शरीरक्रिया व व्यायाम यांची मिळून चार वर्षांची पदवी निघाली, ती शतक संपतां संपतांच बंद पडली. १९०९ त कोपनहेगन विद्यापीठांत लिंडहार्ड हे व्यायामाच्या उपपत्तीचे अध्यापक झाले. १९२० त बर्लिन येथें केवळ व्यायामाचें असें उच्च विद्यालय निघालें. ए. व्ही. हिल यांनीं स्नायूंत उत्पन्न होणाऱ्या उष्णतेविषयीं केलेल्या शोधास १९२२ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें, आणि धांवणाऱ्या मनुष्यास जास्तींत जास्त किती प्राणवायु वापरतां येतो हा प्रश्न त्यांनींच पुढें मांडिला. हार्वर्डची श्रमविषयक प्रयोगशाळा १९२७ ते १९४७ अशी वीस वर्षें चालली. इंग्लंडांत क्रीडाविज्ञान या नांवाची पदवी प्रथम १९७५ सालीं लिव्हरपूल येथें सुरू झाली. हा सर्व इतिहास छापील पुस्तकांतून सहज मिळण्याजोगा असल्यामुळें त्याचा अधिक विस्तार आम्ही करीत नाहीं.

आमच्याकडील साधनांत पहिला मान वैद्यकाचा. चरकसंहितेंत व्यायामाचा विचार सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायांत, म्हणजे शरीराचे वेग अडवूं नयेत हें सांगणाऱ्या अध्यायांत आला आहे. सुश्रुतानें तो चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायांत, अद्याप न आलेल्या पीडेच्या प्रतिबंधाच्या प्रकरणांत घातला. वाग्भटानें अष्टांगहृदयाच्या दुसऱ्या अध्यायांत दिनचर्येमध्यें तो बसविला. या तीन जागा नुसत्या पाहिल्या तरी एक गोष्ट कळते कीं, वैद्यांच्या दृष्टीनें व्यायाम हा बलाचा खेळ नसून आरोग्यरक्षणाचा एक उपाय होता. चरकानें व्यायामाची व्याख्या करितांना शरीराची प्रत्येक हालचाल त्यांत धरिली नाहीं. स्थिरता यावी व बळ वाढावें अशा हेतूनें केलेली, मनाला इष्ट वाटणारी चेष्टा तोच व्यायाम, असें त्याचें तात्पर्य आहे, आणि तोही मात्रेनें करावा अशी पुस्ती लगेच जोडिली आहे. मोलमजुरी करणाऱ्याचे कष्ट व तालमींतील मेहनत यांत जो भेद आजचें शास्त्र करितें तो या व्याख्येंत गर्भित आहे, असें म्हणण्यास आम्हांस हरकत दिसत नाहीं.

परंतु येथेंच एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. घाम येणें, श्वास वाढणें, अंग हलकें वाटणें, हृदयाच्या ठिकाणीं अवरोध झाल्यासारखें वाटणें, हीं योग्य व्यायामाचीं लक्षणें म्हणून एक श्लोक चरकाच्या नांवावर अनेक आधुनिक पुस्तकांत उतरलेला असतो. यादवजी त्रिकमजी आचार्य यांनीं निर्णयसागर छापखान्यांतून काढिलेल्या आवृत्तींत हा श्लोक कंसांत घातलेला आहे व त्यास अध्यायाच्या चालू अनुक्रमांत स्थान नाहीं. आमच्या वाचकांस या कंसाचा अर्थ सांगण्याची गरज नाहीं. विद्यार्थ्यास मात्र तो कोणी सांगत नाहीं. तो त्या श्लोकास चरकाचें वचन समजून पाठ करितो, परीक्षेंत लिहितो, आणि पुढें स्वतः अध्यापक झाला म्हणजे तेंच आपल्या विद्यार्थ्यांस सांगतो. श्लोक खोटा आहे असें आमचें म्हणणें नाहीं. तो जुना असेल, उत्तम वैद्याच्या अनुभवाचा असेल, परंतु तो कोणत्या प्रतींत आहे व कोणत्या प्रतींत नाहीं हें पाहिल्यावांचून त्याच्यावर काळाचा शिक्का मारितां येत नाहीं. पाठभेदाचा विचार ही केवळ पंडितांची करमणूक होय असें मानणाऱ्यांनीं हें उदाहरण ध्यानांत धरावें.

आतां अर्धशक्तीकडे वळूं. वैद्यकांतील व्यायामविचाराचें मर्म आमच्या मतें या एका शब्दांत आहे. वाग्भट म्हणतो कीं, बलवान् व स्निग्ध आहार घेणाऱ्या पुरुषांनीं थंडीच्या दिवसांत व वसंतांत आपल्या अर्ध्या शक्तीइतका व्यायाम करावा, आणि इतर ऋतूंत त्याहूनही कमी. अर्धी शक्ति कोठें संपते हें ओळखावयाचें कसें? सुश्रुतानें त्याची खूण दिली आहे: व्यायाम करीत असतां हृदयस्थानचा वायु मुखाशीं येऊन पोहोंचला म्हणजे अर्धें बळ खर्च झालें असें समजावें. साध्या भाषेंत, नाकानें चाललेला श्वास पुरेसा होईना व तोंड उघडावें लागलें, कीं थांबावें. त्यापुढें जाणारा तहान, क्षय, दमा, रक्तपित्त, खोकला, ज्वर, वांति यांचा धनी होतो. आणि हत्तीस ओढूं पाहणाऱ्या सिंहाप्रमाणें त्याचा नाश होतो, हा दृष्टांत या संदर्भांत प्रसिद्धच आहे.

आजच्या प्रयोगशाळेंत हीच गोष्ट यंत्रानें मोजितात. विद्यार्थी ट्रेडमिलवर, म्हणजे फिरत्या पट्ट्यावर, धांवतो. तोंडावर मुखवटा बांधून आंत गेलेला प्राणवायु व बाहेर आलेला कर्बवायु मोजितात. बोटांतून रक्ताचा थेंब काढून त्यांतील दुग्धाम्ल पाहतात. श्रम वाढत गेले म्हणजे एका टप्प्यानंतर श्वासाचें प्रमाण प्राणवायूच्या मानानें एकाएकीं अधिक चढूं लागतें, व तो टप्पा पुष्कळ अभ्यासक सुश्रुताच्या खुणेशीं जुळवितात. या जुळणींत तथ्यांश आहे, पण ती जशीच्या तशी स्वीकारणें बरोबर नाहीं. प्रौढ मनुष्य नाकाचा श्वास सोडून तोंडानें घेऊं लागतो तेव्हां तो मिनिटास सरासरी ३५ ते ४० लिटर हवा घेत असतो असें मोजलें गेलें आहे. कसलेल्या धांवपटूस ही हवा म्हणजे कांहींच नव्हे, आणि दुर्बळ मनुष्यास ती पुष्कळ आहे. शिवाय नाकाची ठेवण माणसागणिक भिन्न. तेव्हां अर्धशक्ति म्हणजे कमाल प्राणवायूचा बरोबर निम्मा हिस्सा, असें जें समीकरण कांहीं निबंधांतून मांडलेलें असतें तें ग्रंथांतही नाहीं व प्रयोगांतही नाहीं. अर्ध हा शब्द संस्कृतांत नेहमीं समप्रविभागच दाखवितो असें नाहीं, हें व्याकरण शिकलेल्या कोणासही सांगावयास नको. नपुंसकलिंगी अर्ध व पुल्लिंगी अर्ध यांचा भेद शाळेंतल्या मुलांस समास शिकवितांना आम्हीं कित्येक वर्षें घोकवून घेतला आहे.

मग या खुणेची किंमत काय? आमच्या मतें ती अशी कीं, तिचें माप बाहेरच्या यंत्रांत नसून व्यायाम करणाऱ्याच्या स्वतःच्या शरीरांत आहे. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनीं श्रमाची एक मापनश्रेणी बसविली, ती आज जगभर चालते. सहापासून विसापर्यंत आंकडे मांडून, "तुम्हांस किती श्रम वाटतात" एवढेंच तींत विचारितात. निरोगी प्रौढाच्या उत्तरास दहानें गुणिलें कीं नाडीचे ठोके साधारणपणें हातीं येतात. नाडी, रक्त, वायु सर्व मोजून झाल्यावर शास्त्र पुन्हां त्या मनुष्याकडेच वळून त्यालाच विचारूं लागलें. सुश्रुतानेंही त्यालाच विचारिलें होतें. फरक इतका कीं, सुश्रुतापाशीं आंकडा नव्हता, दोन माणसांची तुलना करण्याचें साधन नव्हतें, व आपलें विधान चुकीचें ठरविण्याची सोयही नव्हती. हा फरक लहान नाहीं, व तो झांकून ठेवणाऱ्यांनीं आपल्या पूर्वजांचा गौरव केला असें आम्हांस वाटत नाहीं. वाग्भटानें बालकांस व वृद्धांस व्यायाम वर्ज्य सांगितला आहे. आजचें शास्त्र दोघांसही तो आवश्यक मानितें. येथें कोणाचें खरें हें ठरविण्यास ग्रंथाचें वय उपयोगी पडत नाहीं.

वैद्यांचा व्यायाम हा असा मात्रेंत बांधलेला. मल्लांचा तसा नव्हे. मल्लांच्या व्यायामाचें सविस्तर वर्णन आमच्या देशांत सांपडतें तें कल्याणीच्या चालुक्य राजाच्या ग्रंथांत. तिसरा सोमेश्वर यानें रचिलेल्या मानसोल्लासांत पांच विंशति व शंभर अध्याय आहेत. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत श्रीगोंदेकर यांनीं तो तीन भागांत, १९२५, १९३९ व १९६१ सालीं, प्रसिद्ध केला. चवथ्या विंशतींत राजाचे विनोद सांगितले आहेत, त्यांत मल्लविनोद हें एक प्रकरण आहे. ग्रंथकर्त्या राजाचें बिरुदच भूलोकमल्ल असें होतें, तेव्हां या प्रकरणांतील बारकावा पाहून आश्चर्य वाटूं नये. मल्लांचे ज्येष्ठिक, अंतरज्येष्ठिक व गोवल असे वर्ग, वयाप्रमाणें भविष्णु व प्ररूढ असे भेद, त्यांचा उडीद, मांस, दहीं, दूध, तूप यांचा खुराक, आणि त्यांचे निरनिराळे श्रम तेथें दिले आहेत. श्रमांचीं नांवें लक्षांत ठेवण्यासारखीं आहेत: भार वाहण्याचा तो भारश्रम, चालण्याचा तो भ्रमणश्रम, पाण्यांतील तो सलिलश्रम, हातांस हात भिडवून करावयाचा तो बाहुपेल्लणकश्रम, आणि खांबावरचा तो स्तंभश्रम. आजच्या क्रीडाविज्ञानाच्या विद्यार्थ्यास यांत बलसंवर्धन व दमसंवर्धन हे दोन्ही भाग ओळखूं येतील. पेल्लणक या शब्दांत आमच्या पेलणें या क्रियापदाचा वास येतो, आणि संस्कृत ग्रंथांत देशी शब्द आला म्हणजे तेथें ग्रंथकार पुस्तकांतून न लिहितां आखाड्यांतून लिहीत आहे अशी आमची समजूत होते.

या ग्रंथाच्या काळाविषयीं एक शब्द. मल्लखांबाचा पहिला उल्लेख ११३५ सालचा, हें वाक्य आजकाल इतक्या ठिकाणीं छापलेलें आढळतें कीं त्याचा उगम शोधणेंच कठीण. मानसोल्लासांत ग्रहगणितासाठीं आरंभवर्ष म्हणून शके १०५१ दिलें आहे, म्हणजे इ. स. ११२९ च्या आसपासचा काळ. ग्रंथांतील अंतर्गत पुरावा हा एवढा आहे. सहा वर्षांचा फरक क्षुल्लक म्हणून कोणी हंसेल. पण ज्या विषयाचा विद्यार्थी शर्यतींत सेकंदाचा शंभरावा हिस्सा मोजतो, त्यानें आपल्या इतिहासांत सहा वर्षें हवेंत सोडावीं हें बरें दिसत नाहीं.

ज्येष्ठिक या शब्दाचा धागा पुढें गुजराथेंत जातो. मोढेऱ्याच्या परिसरांतील ज्येष्ठिमल्ल नांवाच्या ब्राह्मण मल्लज्ञातीचें मल्लपुराण हें बडोद्याच्याच ग्रंथमालेंत भोगीलाल सांडेसरा व रमणलाल मेहता यांनीं १९६४ सालीं संपादून काढिलें. कृष्ण व बलराम यांनीं त्या ब्राह्मणांस मल्लविद्या दिली व निंबजा देवी त्यांची रक्षणकर्ती झाली, अशी त्यांत कथा आहे. पुराणाचा हा भाग ज्ञातिमाहात्म्याच्या इतर ग्रंथांसारखाच; इतिहासाच्या दृष्टीनें त्याचें महत्त्व कथेंत नसून श्रमांच्या यादींत आहे. रंगश्रम म्हणजे प्रत्यक्ष कुस्तीची मेहनत, स्तंभश्रम म्हणजे खांबाची, आणि त्यांच्याच पंक्तीस ऊहापोहश्रम म्हणून एक श्रम सांगितला आहे. ऊहापोह, म्हणजे डावपेंचांची चर्चा, हाही एक श्रमच होय असें मानणाऱ्या गुरूंना विद्यापीठाची कल्पना परकी वाटली नसती. कुस्तींत अंग झिजविल्यावर बसून विचार करणें हें मेहनतीचेंच अंग आहे, ही समज आज क्रीडामानसशास्त्राच्या तासाला विद्यार्थ्यास नव्यानें सांगावी लागते.

हे ज्येष्ठी पुढें जेठी या नांवानें बडोदें, म्हैसूर इत्यादि दरबारीं प्रसिद्ध झाले. जुन्या मराठींतही जेठी म्हणजे मल्ल, आणि संतांच्या तोंडचा जगजेठी हा शब्द आपण केवळ भक्तिभावानें उच्चारितों, त्याच्या मागें मातीचा वास आहे याची आठवण राहत नाहीं. जातां जातां आणखी दोन शब्द. आखाडा हा संस्कृत अक्षवाटापासून आला. तालीम हा अरबी, व त्याचा मूळ अर्थ शिक्षण. महाराष्ट्रानें कसरतीच्या जागेस शिक्षण हेंच नांव दिलें आणि शिकविणाऱ्यास वस्ताद म्हटलें. व्यायाम हा विद्येचा विषय होऊं शकतो कीं नाहीं, हा वाद घालणाऱ्यांनीं मराठी भाषेस आधीं विचारावयास पाहिजे होतें.

मानसोल्लास व मल्लपुराण यांत स्तंभश्रम आहे, तर मग मल्लखांबाचा शोध दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं बाळंभटदादा देवधर यांनीं लाविला या परंपरेचें काय करावयाचें? ही परंपरा महाराष्ट्रांत सर्वश्रुत आहे. निजामाच्या मुलुखांतून आलेल्या अली व गुलाब या दोघां पहिलवानांनीं पेशव्यांच्या दरबारीं आव्हान दिलें. तरुण बाळंभटांनीं तें घेतलें. वणीच्या सप्तशृंगीस जाऊन त्यांनीं उपासना केली. तेथें मारुतीनें त्यांस लांकडी खांबावरचे डाव दाखविले, आणि परतून त्यांनीं कुस्ती जिंकिली. दृष्टांताची गोष्ट सोडून दिली तरी बाळंभटांची गुरुपरंपरा कल्पित म्हणतां येत नाहीं. तिच्यांतील शिष्यप्रशिष्यांनीं मल्लखांब महाराष्ट्रभर व काशीपर्यंत नेला. आमचें मत असें कीं, या दोन गोष्टींत विरोध नाहींच. मानसोल्लासांतील स्तंभश्रम हा मल्लाच्या पांच श्रमांतील एक श्रम होता. बाळंभटांनंतरचा मल्लखांब हा अढ्या, उड्या, तेढ्या, फिरक्या यांनीं बांधलेली एक स्वतंत्र विद्या आहे. खांब जुना, विद्या नवी. पण बाराव्या शतकांतील राजा व एकोणिसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरचा भटजी यांच्यामध्यें जीं साडेसहाशें वर्षें आहेत त्यांतून मल्लपुराणाचा एक धागा तेवढा जातो. बाकीचें अंतर कशानें भरावयाचें, हा खरा प्रश्न आहे. पाठ्यपुस्तकांतून तो नुसत्या "परंपरा अखंड चालत आली" या शब्दांनीं भरतात. अखंड हा शब्द इतिहासलेखकानें फार जपून वापरावा.

तें अंतर भरण्याची सामग्री आहे, अशी आमची खात्री आहे. दरबारच्या जमाखर्चांत पहिलवानांच्या नेमणुका व खुराकाचा खर्च येतो. तो आपण लष्कराच्या किंवा मुदपाकखान्याच्या सदराखालीं पाहून पुढें जातों. तालमींतून वस्तादांच्या वह्या असतात. डावांचीं नांवें, त्यांचे तोड, जोर-बैठकांच्या संख्या, तूप व बदामांचा हिशेब, कोणत्या जत्रेंत कोण कोणाशीं लढला व कुस्ती निकाली झाली कीं बरोबरींत सुटली, असल्या गोष्टी मोडींत टिपलेल्या. अशा वहीस कोणी पोथी म्हणत नाहीं. संग्राहक तीस हात लावीत नाहीं, कारण तींत श्लोक नाहींत. विद्यापीठांतील अध्यापक तीस हात लावीत नाहीं, कारण ती मोडींत आहे. वस्ताद वारला, तालमीची इमारत पडली, कीं वही रद्दींत जाते. संस्कृत पोथ्यांचीही अवस्था फारशी निराळी नाहीं. आपल्या सूचींत वेद, धर्म, व्याकरण, ज्योतिष, वैद्यक अशीं सदरें असतात. मल्लविद्येस सदर नसल्यामुळें तिची पोथी कधीं पुराणांत, कधीं नीतींत, कधीं संकीर्णांत जाऊन पडते, व शोधणाऱ्यास सांपडत नाहीं. मल्लपुराण तर नांवानेंच पुराणांत ओढलें जाणारें.

या दोन जगांची गांठ घालून देणारे पुरुष महाराष्ट्रांत होऊन गेले, म्हणूनच ही उपेक्षा अधिक जाणवते. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिराचे राजरत्न प्रोफेसर माणिकराव यांच्यापाशीं जगन्नाथ गणेश गुणे नांवाचा तरुण शिकला. यानेंच १९०३ सालीं संस्कृताची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति मिळविली होती. पुढें हेच स्वामी कुवलयानंद झाले. त्यांनीं उड्डीयान व नौलि या क्रियांचे क्षकिरणांनीं प्रयोग केले, १९२४ त लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिलें व त्याच सालीं योगमीमांसा हें नियतकालिक काढिलें. नौलींत मोठ्या आंतड्यांत जो अंशतः निर्वात उत्पन्न होतो त्यास त्यांनीं आपल्या गुरूंचें, माधवदासजींचें, नांव दिलें. मुंबई सरकारच्या व्यायामशिक्षण समितीचें काम त्यांच्याकडे आलें, व १९३८ त कांदिवली येथें सरकारी व्यायामशिक्षण संस्था निघाली. येथें आम्हांस महत्त्वाची वाटते ती गोष्ट ही कीं, लोणावळ्यास प्रयोगशाळा व ग्रंथसंशोधन हीं दोन्ही एका आवारांत राहिलीं. स्वामी दिगंबरजी व पंडित रघुनाथशास्त्री कोकजे यांनीं हठप्रदीपिकेची जी आवृत्ति १९७० सालीं काढिली ती त्याच आवारांतली. यंत्र वापरणारा व पाठभेद पाहणारा एकमेकांस रोज भेटत असल्यावर कंसांतील श्लोक चरकाच्या माथीं सहसा बसत नाहीं.

दुसरें नांव द. चिं. मुजुमदार यांचें. बडोद्याहून १९३६ ते १९४९ या काळांत व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड त्यांनीं मराठींत प्रसिद्ध केले. इतका मोठा व्यायामविषयक संग्रह दुसऱ्या कोणत्या देशभाषेंत झालेला आमच्या ऐकिवांत नाहीं. कुस्ती, मल्लखांब, लाठी, बोथाटी, पोहणें, देशी-विदेशी खेळ, सर्व कांहीं चित्रांसह त्यांत आलें आहे. कोशाचा दोष म्हणावयाचा तर हा कीं, कोणती गोष्ट ग्रंथांतून घेतली, कोणती वस्तादाच्या तोंडून ऐकिली, व कोणती पाहून लिहिली, याचा भेद वाचकास पुष्कळ ठिकाणीं करितां येत नाहीं. तरीही आज पदवीच्या विद्यार्थ्यास मराठींत एवढ्या योग्यतेचें दुसरें साधन हातीं देतां येईल असें आम्हांस वाटत नाहीं. आणि तो विद्यार्थी बहुधा हा कोश न पाहतांच उत्तीर्ण होतो.

अमरावतीस वैद्य बंधूंनीं १९१४ त हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढिलें, व त्याचें पथक १९३६ त बर्लिनच्या ऑलिंपिक प्रसंगीं आपले देशी खेळ दाखवून आलें. ग्वाल्हेरीस १९५७ त, अठराशें सत्तावन्नच्या शतसांवत्सरिक वर्षीं, राणी लक्ष्मीबाईच्या नांवानें व्यायामाचें महाविद्यालय निघालें, तें १९९५ पासून अभिमत विद्यापीठ झालें. पुण्यास महाराष्ट्रीय मंडळानें १९७७ त चंद्रशेखर आगाशे यांच्या नांवाचें महाविद्यालय काढिलें. बालेवाडीस आंतरराष्ट्रीय क्रीडा विद्यापीठ स्थापण्याचा कायदा महाराष्ट्राच्या विधिमंडळानें २०२० त मंजूर केला. म्हणजे वर्ग, यंत्रें व पदव्या यांची वाण राहिलेली नाहीं. वाण आहे ती या विषयाचा इतिहास मूळ साधनांवरून शिकविणाऱ्याची, व तीं साधनें त्याच्या हातीं देणाऱ्याची. व्यायामाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यास प्रबंधासाठीं मोडी शिकण्याची सक्ति करावी असें आम्ही म्हणत नाहीं. पण दहांपैकीं एकानें जरी ती आपण होऊन शिकली तरी एका तालमीच्या वह्या वाचून होतील.

आमच्या वाचकांकडे मागणें थोडें आहे. ज्यांच्या संग्रहांत मल्ल, ज्येष्ठी, जेठी, मुष्टि, नियुद्ध, श्रम, स्तंभ यांपैकीं कोणताही शब्द असलेलें पान असेल, मग तें पूर्ण पोथीचें असो वा सुटें असो, त्यांनीं त्याची पत्रसंख्या, लेखनकाल दिला असल्यास तो काल, लेखकाचें व गांवाचें नांव, आणि पहिली व शेवटची ओळ एवढें उतरून मंडळाच्या चिटणिसांकडे पाठवावें. मानसोल्लासाच्या मल्लविनोदाची सुटी प्रत कोणापाशीं असल्यास बाहुपेल्लणक या शब्दाचा त्या प्रतींतील पाठ अवश्य कळवावा. तालमीच्या वह्यांविषयीं मात्र पत्रव्यवहार करीत बसूं नये. वही दिसतांच ती मागून घेऊन आधीं तिची छायाप्रत करून ठेवावी, व मूळ वही तालमीस परत द्यावी, कारण वस्तादाच्या घरचें मनुष्य तें पान वाचून दाखविण्यास अजून असेल तर त्याचें काम पुढें पडणार आहे.